बर्फाची गोष्ट



वैशाखातली दुपार. पुण्यातल्या एका घरी पाहुणे आले आहेत. सरबतासाठी बर्फ काढायला गृहिणी फ्रिज उघडते आणि पाहते तो काय, रात्री भरलेलं पाणी अजून पाणीच! "यंत्र बिघडलं," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यंत्र मुळात काय करतं हे ठाऊक नसेल, तर ते का करीत नाही, हे कसं उमगावं? म्हणून आधी थोडं मागे जाऊ या.

यंत्र नव्हतं, तेव्हाही माणसाला गारवा हवाच होता. अकबराच्या काळी सोरा विरघळलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करीत, असं 'आईन-इ-अकबरी'त नमूद आहे. अलाहाबादेस हिवाळ्यात उथळ मातीच्या भांड्यांत पाणी रात्रभर उघड्यावर ठेवीत आणि पहाटे वरची बर्फाची पापडी गोळा करीत. रॉबर्ट बार्कर याने 1775 साली या रीतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाण्यातली उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाई आणि खालचा चिपाडांचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नसे. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, त्याचं मर्म हेच.

पुढे बर्फ चक्क समुद्रमार्गे आला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 'टस्कनी' जहाजातून 1833 साली सुमारे 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला निम्म्याहून अधिक शाबूत होता! पुढच्याच वर्षी, 1834 साली, अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. या व्यापारातली खुबी साधी होती. लाकडाचा भुसा भोवती दाबून भरला, की बाहेरची उष्णता आत शिरायला वाट राहत नसे. आपल्याकडे बर्फवाले लादी भुशात आणि गोणपाटात ठेवीत आले, ते काही उगीच नव्हे.

आणि योगायोग पाहा. त्याच 1834 साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सने बर्फ करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या फ्रिजचं मूळ तिथे आहे. नळ्यांतला द्रव आत वाफ होताना पेटीतली उष्णता शोषतो. ती वाफ दाबून मागच्या जाळीत नेली, की तिथे उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव होतो. म्हणजे फ्रिज थंडी 'तयार' करीत नाही. तो आतली उष्णता वाहून बाहेर टाकणारा हमालच म्हणा ना! भारतात गोदरेजने 1958 साली फ्रिज बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू हा हमाल आपल्याही स्वयंपाकघरात आला.

आता बिघाड शोधणं सोपं झालं. हमालाची वाट कुठे अडली, एवढंच पाहायचं. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निसटली, तर तिथून गरम हवा आत येते आहे. मागच्या जाळीवर धूळ साचली असेल, किंवा फ्रिज भिंतीला अगदी चिकटून असेल, तर उष्णतेनं बाहेर जावं कुठून? प्लग काढून धूळ झटका. बर्फाच्या कप्प्यात हिमाचा जाड थर चढला असेल, तर तो थर ट्यूडरच्या भुशासारखंच काम करतो. पण इथे तो भलत्या जागी आहे. तो वितळू द्या. सुरीने मात्र खरवडू नका. नळीला भोक पडलं, की वायू निसटतो, आणि मग कारागिराशिवाय गत्यंतर नाही.

काही फ्रिज स्वतःच पाणी घेऊन बर्फ पाडतात. कप्पा उणे 18 अंशांच्या आसपास असूनही तिथे बर्फ होत नसेल, तर पाण्याची वाट तपासा. तोटी बंद आहे का? बोअरच्या जड पाण्याचा क्षार गाळणीत साचला आहे का? पाण्याची नळीच गोठली आहे का?

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, ही शहरी चैन झाली. तसं नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. ऊन लागलं तर लस बिघडते. आणि धनुर्वाताची लस गोठली तरी बिघडते. म्हणून लसींच्या डब्यात भरण्याआधी बर्फाची पाकिटं थोडा वेळ बाहेर ठेवतात. हलवली की आत पाणी खळखळलं, मगच ती आत जातात. एवढीशी काळजी चुकली, तर टोचलेली सुई वाया आणि मूल असुरक्षित.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा भुशात पुरा. तास संपला की दोन्ही मुलांसमोर ठेवा. 'टस्कनी'चा बर्फ कलकत्त्याला कसा पोहोचला, ते मग तुम्हांला सांगावं लागणार नाही.