बाराशे नमस्कारांचे घट्टे

दिवाळीचा अंक हाती आला की पुष्कळ घरांतून पहिली उडी पडते ती रहस्यकथेवर. कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांची पाळी मागाहून येते. त्यात गैर काहीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी वाचकांच्या झोपा उडवल्या, आणि शेरलॉक होम्स तर १८८७ सालापासून माणसाच्या हाताबोटांवरून त्याचा धंदा सांगून जगाला थक्क करीत आला आहे. पण होम्स जन्मण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, पानिपतच्या रणात, एका शिरावेगळ्या धडावरून माणूस ओळखण्याचा जो प्रसंग आला, तो कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. आज वाचकांपुढे मांडायचे आहे ते हेच प्रकरण.

सदाशिवरावभाऊ म्हणजे आमच्या भिवंडीच्या शेजारची वसई ज्यांनी १७३९ साली फिरंग्यांकडून घेतली, त्या चिमाजी अप्पांचे चिरंजीव. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. त्यानंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. विश्वासरावांचे प्रेत मिळाले, ते शत्रूनेही पाहिले. भाऊंचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या सायंकाळी उभा राहिला आणि पुढे बावीस वर्षे पुण्याच्या उंबऱ्यावरून हलला नाही.

अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूला होता. पण त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली आणि १७८० साली तिची हकीकत फारसीत लिहून ठेवली. पुढे जेम्स ब्राउन नावाच्या इंग्रजाने ती भाषांतरित केली. लढाईनंतर प्रेतांच्या राशींत एक धड सापडले. शिर नव्हते. धड उचलले तेव्हा खाली काही मोती दिसले. त्यावरून हा कोणी मोठा सरदार असावा असा तर्क झाला. भाऊंना जवळून ओळखणारी मराठ्यांकडची वकील मंडळी बरोबर होती. त्यांनी अंगावरच्या खुणा पाहिल्या.

काशीराज त्या खुणा एकेक करून सांगतो. एका मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर कट्यारीच्या घावाचा वण. मुजफ्फरखान गारद्याच्या कटातून १७५९ साली भाऊंवर हल्ला झाला होता, त्याची ही आठवण. पायाच्या तळव्यावर ज्योतिषी ज्याला पद्ममत्स्य म्हणतात ते भाग्याचे चिन्ह. आणि शेवटची खूण सर्वांत बोलकी. भाऊसाहेब रोज बाराशे सूर्यनमस्कार घालतात, हे सर्वश्रुत होते. आणि या धडाच्या गुडघ्यांवर व हातांवर त्या नमस्कारांच्या खुणा उमटलेल्या होत्या!

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. या चार खुणांत तीन जाती आहेत. डाग आणि तळव्याची रेषा या जन्माच्या खुणा. पाठीवरचा वण ही घटनेची खूण. आणि घट्टे ही सवयीची खूण. जन्माची खूण दैव देते, घटनेची खूण शत्रू देतो, पण सवयीची खूण माणूस स्वतःच रोज थोडी थोडी आपल्या अंगावर लिहीत असतो. आमचे भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. येथे शिक्षकी करताना मला पालकांचे हात पाहायची सवयच लागली आहे. तुटलेला धागा दिवसभर गाठणाऱ्याची बोटे वेगळी, कापडाचे तागे वाहणाऱ्या हमालाचा खांदा वेगळा, शिंप्याचे बोट वेगळे. नाव खोटे सांगता येते; पण वीस वर्षांचा घट्टा एका रात्रीत उमटवता येत नाही आणि पुसताही येत नाही.

एकदा वर्गात हे प्रकरण शिकवीत असता एका मुलाने मला अडवले. तो म्हणाला, "गुरुजी, मांडीवर डाग काय पुष्कळांना असतो. तेवढ्यावरून भाऊच कसे?" प्रश्न रास्त होता. मी फळ्यावर हिशेब मांडला. समजा, मांडीवर असा डाग शंभरांत एकाला असतो. पाठीवर शस्त्राचा वण सैन्यातल्या वीसांत एकाला असतो. आणि दोन्ही गुडघे व दोन्ही हात यांवर एकदम घट्टे पन्नासांत एकाला असतात. तलवारीने उजव्या तळहाताला घट्टा पडेल, लगामाने डाव्या बोटांना पडेल. गुडघ्यांचा त्यात काय संबंध? आता शंभर गुणिले वीस गुणिले पन्नास केले की एक लाख होतात. म्हणजे सुटी सुटी खूण दुबळी. पण एकमेकींशी काही नाते नसलेल्या खुणा एकाच देहावर भेटल्या, की लाखांत एक माणूस उरतो. हे आकडे अर्थात फळ्यावरचे, रणांगणावरचे नव्हेत. पण तर्काची चाल हीच. मुलाने वहीत गुणाकार उतरवून घेतला आणि वर विचारले, "मग पुण्याच्या लोकांनी हे का मानले नाही?"

या प्रश्नाचे उत्तर गणितात नाही.

पुढे दुसऱ्या एका छावणीत शिरही सापडले आणि भाऊंचे अग्निसंस्कार झाले. पण हे सारे घडले शत्रूच्या गोटात, पुण्यापासून शेकडो कोसांवर. पुण्याला येणाऱ्या पत्रांत एक म्हणे भाऊ पडले, दुसरे म्हणे निसटले. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परतल्या होत्या. आपला पती गेला हे त्यांनी मानले नाही आणि कुंकू पुसले नाही. घराघरांतून कोणी ना कोणी पानिपतावर गेलेले. 'भाऊ येतील' म्हणणाऱ्याला 'आपलाही येईल' असेच म्हणायचे असे. अशा वेळी रिकाम्या जागेवर कोणी येऊन बसला नाही तरच नवल.

तो आला. सुखनिधान, काहींच्या मते सुखलाल, नावाचा हा बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण अंगलटीने म्हणे भाऊंसारखा होता. थोरल्या माधवरावांच्या काळी त्याला पकडून पुण्यास आणले. चौकशीत तो तोतया ठरला आणि या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर कैदेत फिरत शेवटी रत्नागिरीस पोचला. तेथे तो मेला असता तर इतिहासाने त्याला एक ओळही दिली नसती. पण १७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले आणि 'हेच भाऊसाहेब' म्हणून निशाण उभारले. पाहता पाहता हजारो माणसे जमली, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती जाऊ लागले.

येथे गुप्तहेराचा पहिला प्रश्न विचारला पाहिजे : याच वेळी का? नारायणरावांचा १७७३ साली खून झालेला. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव. कारभार बारभाईंचा. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. पुरंदरचा तह मार्च १७७६ मधला. घरात कर्ता पुरुष नसताना दाराशी थोरला दीर येऊन उभा राहावा, असा तो मुहूर्त होता. बारभाईंवर ज्यांचा राग होता, त्यांना तो भाऊ असायलाच हवा होता. आणि भोळ्या रयतेला तर तो हवाच होता. हव्याशा गोष्टीला माणूस पुरावा मागत नाही.

लोकांनी प्रश्न विचारला तो असा : 'हा भाऊंसारखा दिसतो का?' विचारायला हवा होता तो असा : 'हा भाऊ असता, तर याच्याजवळ काय काय असायलाच हवे?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांनंतर कोणीही 'हो' असेच देईल. दुसऱ्या प्रश्नापुढे सोंग टिकत नाही. भाऊसाहेब हिशेबात आणि दप्तरात मुरलेले. त्यांचे मोडी वळण कारकुनांच्या ओळखीचे. ते वळण कागदावर उतरेल काय? पाठीवर वण आहे काय? मराठी कोणत्या गावचे बोलतो? आणि उदगीर जिंकणारा सेनापती जिवंत असून चार चार वर्षे घराकडे कागदाचा चिटोरा धाडीत नाही, हे कसे? चेहरा उसना आणता येतो. सवय, अक्षर आणि बोली उसनी आणता येत नाही.

शेवटी तलवारीनेच निकाल लावला. पुण्याच्या रेल्वेने बोरघाट चढताना डाव्या हाताला राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात. त्या बाजूपर्यंत तोतयाची मजल पोचली होती. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो मुंबईच्या रोखाने समुद्रावर निघाला, तेव्हा राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. रामशास्त्री प्रभुणे पुण्याचे न्यायाधीश होते तो हा काळ. नरसिंह चिंतामण केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते याच कथेवर.

असे तोतये आपल्याकडेच झाले असे नव्हे. विलायतेत रॉजर टिचबोर्न हा श्रीमंतांचा मुलगा १८५४ साली समुद्रात नाहीसा झाला. काही वर्षांनी ऑस्ट्रेलियातला एक खाटीक 'मीच तो' म्हणून उभा राहिला, आणि प्रत्यक्ष आईने त्याला पोटाशी धरले! पण रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला. या गृहस्थाला फ्रेंच येत नव्हते. हातावरचे गोंदणही नव्हते. १८७४ साली त्याला चौदा वर्षांची सजा झाली. उलट बंगालात भवालचा राजकुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारला असे ठरले असता, पुढे एक संन्यासी येऊन तोच आपण म्हणू लागला. पत्नीने त्याला अखेरपर्यंत मानले नाही. पण घोट्यावरचा गाडीच्या चाकाचा वण, पायांची खवलेदार कातडी, अशा खुणा जुळवून न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी १९३६ साली तो खरा ठरवला. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही तेच मान्य केले. एका ठिकाणी आई 'हो' म्हणाली आणि पुरावा 'नाही' म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी पत्नी 'नाही' म्हणाली आणि पुरावा 'हो' म्हणाला. रीत एकच, निकाल उलटे. आपल्या मनाला काय हवे आहे हे जी रीत विचारीत नाही, तीच खरी.

काशीराजाने ते घट्टे, तो वण आणि तो डाग कागदावर उतरवला तेव्हा १७८० साल उजाडले होते. तोतया मरून चार वर्षे झाली होती. पार्वतीबाई अजून सवाष्ण म्हणून वावरत होत्या. १७८३ साली त्या वारल्या आणि मग भाऊसाहेबांची व त्यांची उत्तरक्रिया पुण्यात बरोबरच करण्यात आली. मधल्या बावीस वर्षांत कोणी हिशेब मांडून, शास्त्र काढून त्या बाईचे कुंकू जबरीने उतरवले नाही. सोंग घेऊन राज्य मागणाऱ्याला पुराव्याच्या कठोर तराजूत तोलले. कोणाचे काही न मागता वाट पाहत बसलेल्या पार्वतीबाईंना कोणी तोलले नाही. मुलाच्या प्रश्नाला मी वर्गात दिलेले उत्तर हेच होते.