अठराव्या वर्षी बापाची जबाबदारी संपते का?

घटस्फोटानंतर मुलांच्या कॉलेजची फी कोणी भरायची? आपल्या वस्त्यांमध्ये याचे उत्तर जणू ठरलेलेच आहे: आईने. बाप म्हणतो, पोरगा अठराचा झाला, माझा संबंध संपला. हे म्हणणे कायद्याच्या इतिहासात कितपत टिकते ते तपासू.

इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 488 मध्ये, पोटगीसाठी मुलाच्या वयाची अट नव्हती. मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, एवढे पुरे होते. पण त्या कलमात शिक्षणाचा शब्दही नव्हता.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट, वारसा, दत्तक, पोटगी हे सगळे एकत्र मांडले. सनातन्यांनी ते अडवले. 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे हे बिल रखडवणे हे एक मोठे कारण होते. पुढे बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला दत्तक व निर्वाह कायदा 21 डिसेंबर 1956 रोजी आला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 3 ने निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांच्यासोबत शिक्षण घातले. कलम 20 ने आई आणि बाप दोघांनाही जबाबदार धरले. मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिचा हक्क लग्नापर्यंत राहतो. मुलाचा मात्र अठराव्या वर्षी थांबतो.

1973 च्या नव्या संहितेत कलम 125 आले आणि त्यात 'अल्पवयीन' हा शब्द घुसला. आज त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आहे. म्हणजे जिथे कॉलेज सुरू होते, नेमका तिथेच कायदा हात काढून घेतो. ज्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, तिथे याचा अर्थ शिक्षण बंद.

न्यायालयांनी ही फट थोडी बुजवली आहे. 2020 च्या अभिलाषा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान अविवाहित मुलगी कलम 20 खाली निर्वाह मागू शकते. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमवू लागेपर्यंत बापाने दरमहा 15,000 रुपये द्यावेत, असा आदेश दिला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा शिक्षणखर्चाचा हक्क आईबापांकडून, त्यांच्या ऐपतीप्रमाणे, वसूल करता येतो असे म्हटले.

पण निकाल कोर्टात जाणाऱ्याला मिळतो. आपल्याकडे स्टँप पेपरवर फारकत होते. भांडीकुंडी लिहिली जातात, मुलांची फी लिहिली जात नाही. कार्यकर्त्यांनी इथेच थांबवले पाहिजे. परस्पर संमतीच्या अर्जात पदवीपर्यंतची फी, वसतिगृह, पुस्तके, आणि कोण किती भरणार हे लिहून घ्या. वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. त्या ताईला तिथवर सोबत घेऊन जा.

आणि मुलांच्या बाबतीतली अठराची अट बदलण्याची मागणी आपणच केली पाहिजे. शिक्षणाचा हक्क वाढदिवसाला संपत नसतो.

जय भीम!