बासेलच्या दगडावरची चकली

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाच्छादित शिखरे उभी राहतात. बासेल शहरात तसे काही नाही. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांवर हे जुने शहर वसले आहे. नदीकाठच्या टेकडीवर तांबड्या वालुकाश्मात बांधलेले मोठे चर्च आहे. १८ ऑक्टोबर १३५६ रोजी झालेल्या भूकंपात त्याची मोठी पडझड झाली, पण लोकांनी ते पुन्हा उभे केले. १४६० साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. स्वित्झर्लंडमधील ते सर्वांत जुने विद्यापीठ. पुढे कागद तयार करण्याचा आणि ग्रंथ छापण्याचा व्यवसायही येथे भरभराटीला आला.

प्रवासी येथे येऊन पूल, बाजारचौक आणि चित्रसंग्रह पाहतात. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र येथील दोन वस्तू मुद्दाम शोधून पाहाव्यात. एक आहे मानवी सांगाडा आणि दुसरी एक स्मृतिशिला. दोन्ही वस्तू आपल्याला एकच प्रश्न विचारतात : ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानायचे, की स्वतः पडताळून पाहायचे?

हा प्रश्न बासेलमध्ये १५२७ साली मोठ्या गाजावाजासह विचारला गेला. पॅरासेल्सस नावाचा वैद्य त्या वर्षी शहराचा वैद्य म्हणून येथे आला. विद्यापीठात त्या काळी लॅटिनमध्ये व्याख्याने देत, हा जर्मनमध्ये देऊ लागला. सेंट जॉनच्या सणाच्या होळीत त्याने इब्न सीनाचा प्रमाणभूत वैद्यकग्रंथ टाकला, असे सांगतात. विद्वान मंडळी खवळली आणि १५२८ साली त्याला शहर सोडावे लागले. परंतु ग्रंथ जाळल्याने त्यातील चूक सिद्ध होत नाही. ती दाखवून द्यावी लागते.

ते काम आंद्रेआस वेसॅलियसने केले. इटलीतील पडुआ विद्यापीठात तो शरीररचना शिकवत असे. त्या वेळी दुसऱ्या शतकातील गेलेन याचे ग्रंथ अंतिम मानले जात. प्राध्यापक वर बसून गेलेन वाचून दाखवी आणि खाली दुसराच कोणी प्रेत कापी. वेसॅलियस स्वतः सुरी हातात घेऊन विच्छेदन करू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की गेलेनने वर्णिलेल्या कित्येक गोष्टी माणसाच्या शरीरात नाहीतच. उदाहरणार्थ, गेलेनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा होता. वेसॅलियसला मोठ्या माणसात तो एकाच हाडाचा आढळला. गेलेनने विच्छेदन केले होते, पण मुख्यतः माकडे व इतर प्राणी यांचे.

आपला सचित्र ग्रंथ छापण्यासाठी वेसॅलियसने बासेलचा मुद्रक ओपोरिनुस याची निवड केली. गंमत अशी, की हा ओपोरिनुस एके काळी पॅरासेल्ससचा मदतनीस होता. चित्रांचे लाकडी ठसे इटलीहून आल्प्स ओलांडून बासेलला आले. छपाईवर देखरेख करायला वेसॅलियस स्वतः आला आणि १५४३ साली ‘मानवी शरीराची रचना’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याचे वय होते अवघे २८ वर्षे.

त्याच मुक्कामात त्याने याकोब कारर नावाच्या माणसाचे जाहीर विच्छेदन केले. गुन्ह्याबद्दल त्याचा शिरच्छेद झाला होता. वेसॅलियसने त्याची हाडे जोडून सांगाडा उभा केला आणि विद्यापीठाला दिला. तो आजही बासेलच्या शरीररचना संग्रहालयात आहे. या प्रकारच्या जतन केलेल्या नमुन्यांमध्ये तो जगातील सर्वांत जुना मानला जातो. त्याच्यापुढे उभे राहताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. काररची संमती कोणी विचारली नव्हती. आज देहदान स्वेच्छेने होते. तेव्हा मात्र नव्या ज्ञानाची किंमत दंड झालेल्या माणसाच्या देहातून वसूल होत होती. वेसॅलियसही सर्वच बाबतींत बरोबर नव्हता. त्याच्या काही चुका पडुआतच पुढे शिकवणाऱ्या फॅलोपियोने दाखवून दिल्या.

आता दुसरी वस्तू. टेकडीवरील चर्चला लागून कमानींच्या ओवऱ्या आहेत. तेथील भिंतींवर अनेक स्मृतिशिला बसवल्या आहेत. त्यांपैकी एक आहे गणिती याकोब बेर्नुली याची. १६८७ पासून १७०५ साली मृत्यू येईपर्यंत तो बासेल विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. संभाव्यतेवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली येथेच छापला गेला.

बेर्नुलीला एका वक्राने वेड लावले होते. तो म्हणजे लॉगरिदमी सर्पिल. तो मोठा करा अथवा लहान, त्याचा आकार तोच राहतो. फक्त थोडा फिरवला की मूळ वक्रावर तंतोतंत बसतो. या वक्रापासून ठरावीक नियमांनी दुसरा वक्र काढला, तरी अनेकदा पुन्हा तोच सर्पिल मिळतो. ‘बदलूनही मी पुन्हा तीच होऊन उठते’, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांसह हा सर्पिल आपल्या स्मृतिशिलेवर कोरावा, अशी त्याची इच्छा होती. आर्किमिडीजच्या कबरीवर गोल व वृत्तचिती यांची आकृती होती, तसेच हे.

शिला तयार झाली. शब्द बरोबर आले, सर्पिल मात्र चुकला! कोरणाऱ्याने लॉगरिदमी सर्पिलाऐवजी सारख्या अंतराच्या वेढ्यांचा सर्पिल काढला. या सर्पिलाला गणितात आर्किमिडीजचेच नाव आहे.

दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे. आपली चकली आठवा. मध्यापासून बाहेर जाताना दोन वेढ्यांमधले अंतर सारखेच राहते. डास पळवणारी वेटोळी अगरबत्तीही तशीच. हा आर्किमिडीजचा सर्पिल. गोगलगायीच्या शंखात मात्र प्रत्येक वेढ्यागणिक अंतर वाढत जाते. मध्यापासून एकाच दिशेने मोजत गेल्यास चकलीत १, २, ३, ४ अशी अंतरे मिळतात. लॉगरिदमी सर्पिलात ती १, २, ४, ८ किंवा १, ३, ९, २७ अशी पटीत वाढतात. पहिल्यात बेरीज, दुसऱ्यात गुणाकार. बेर्नुलीला हवा होता शंख, मिळाली चकली.

ही चूक पकडायला मोठे गणित लागत नाही. मोजपट्टी आणि शंका घेण्याची सवय पुरते. शिक्षकांनी वर्गात चकली, अगरबत्ती, शंख व शिंपले आणावेत. मुलांनी कागदाच्या पट्टीवर मध्यापासून वेढ्यांच्या खुणा कराव्यात, लगतच्या अंतरांची वजाबाकी आणि भागाकार करून पाहावा, आणि कोणता सर्पिल कोणता ते स्वतः ठरवावे. शंखाची मापे अगदी काटेकोर पटीत येणार नाहीत. ती का येत नाहीत, याचीही चर्चा करावी. त्यानंतर बासेलच्या शिलेचे छायाचित्र मिळवून मुलांपुढे ठेवावे. काय चुकले आहे ते मात्र आधी सांगू नये.