पियानो नसलेली धून

फोरबर्ग स्टेशनाला खेटूनच होफवाइक आहे, चहूबाजूंनी पाणी असलेला छोटा वाडा. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स उतारवयात इथं राहिला. १६९१ साली त्यानं सप्तकाचे ३१ समान भाग करण्याची मांडणी प्रसिद्ध केली. लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये राहून तुम्ही रोज या वाड्यावरून जाता. आज गाडीला अवकाश आहे, म्हणून भावानं पुण्याहून पाठवलेली आकाशवाणीची जुनी धून कानाला लावता. आधी तंबोरा, मग व्हायोलिन. डोळे मिटा.

उघडता तेव्हा अंगावरचा लोकरी कोट नकोसा झालेला असतो. साल १९३५, मुंबई, गुरुवारची संध्याकाळ. विलिंग्डन जिमखान्यात बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीचा कार्यक्रम आहे. व्हायोलिनवर मेहली मेहता (त्यांचा झुबिन पुढच्या एप्रिलात जन्मणार आहे, पण हे बोलू नका), चेलोवर वेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ आणि पियानोवर वॉल्टर कॉफमन. वय २८. बोहेमियातल्या कार्ल्सबादचा हा ज्यू तरुण बर्लिनमध्ये संगीत शिकला. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याचा प्रबंधही लिहून झाला होता. पण मार्गदर्शक नाझी संघटनेतला निघाला, तेव्हा यानं पदवीच नाकारली. मुंबईत उतरला फेब्रुवारी १९३४ मध्ये, आणि त्याच मे महिन्यात ही सोसायटी काढली. मुंबईच का, असं विचाराल तर उत्तर अगदी साधं आहे: व्हिसा चटकन मिळाला.

कार्यक्रम संपल्यावर त्याच्या मागोमाग वॉर्डन रोडवरच्या रेवा हाऊसला चला. पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. पण या शहरात अजून ते नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ग्रामोफोनवर हिंदुस्थानी गाण्याची तबकडी फिरते आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉफमनला त्यात काहीएक कळलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर बेथोवेनकडे परत गेला असता. यानं जिद्द धरली: इतकी माणसं ज्यात रमतात त्यात काहीतरी असणारच, आपला कान तयार नाही इतकंच. मला हा माणूस आवडतो तो या एका गोष्टीसाठी.

आता वर्षभर पुढं सरका. १९३६. सरकारी रेडिओला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालंय आणि त्याला ओळखीची धून हवी आहे. धून कॉफमनची, व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. श्रेय दुसऱ्यांना देणारेही आहेत; या वादात मी कॉफमनच्या बाजूचा. नीट ऐका. शिवरंजनीची सावली असलेले ते सूर तुमच्या आजीच्या घरी पहाटे चुलीवर पाणी तापताना वाजायचे. पियानोवादकानं बांधलेल्या या धुनेत पियानो कुठंच नाही! पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये काहीच नसतं, आणि आपलं गाणं नेमकं त्या मधल्या जागेत राहतं. सुरावरून सुरावर घसरत जाणाऱ्या मींडेला होफवाइकच्या म्हाताऱ्याचे ३१ भागसुद्धा अपुरे पडले असते. हे कॉफमनच्या कानानं दोनच वर्षांत हेरलं.

याच कारणावरून १९४० मध्ये रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हा कॉफमन त्याच रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. पेटी बाहेर, पियानो आत! संवादिनीवर पोसलेल्या आपल्या नाट्यसंगीताला हा न्याय कसा वाटला असेल, ते गिरगावात जाऊन विचारा. कॉफमन मात्र कानावरच विसंबून पुढं निघालाय. १९४१ मध्ये गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवर त्याचा लेख प्रसिद्ध होतो. मोहन भवनानींच्या सिनेमांना तो संगीत देतो. प्रागहून निसटलेला समीक्षक विली हास त्याच्याच घरी मुक्कामाला असतो.

१९४६ मध्ये कॉफमन मुंबई सोडतो. आधी लंडन, मग कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात पियानो विभागाचा प्रमुख, म्हणजे पुन्हा त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पुढं विनिपेगचा वाद्यवृंद जवळजवळ दहा वर्षं त्याच्या हाताखाली वाजतो, आणि १९५७ पासून तो इंडियाना विद्यापीठात शिकवतो.

तिथं एकदा त्याच्या टेबलाशी वाकून पाहा. उत्तर हिंदुस्थानी रागांचं जाडजूड पुस्तक तयार होतंय. ते १९६८ मध्ये निघेल, दक्षिणेचं १९७६ मध्ये. राग पाच रेघांवर, पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेले. आपल्याकडचे बुवा म्हणतील, कागदावर राग उतरत नाही. खरंच आहे. पण ब्लूमिंग्टनच्या वर्गातल्या पोराला मारवा आणि पूरिया यांतला फरक दाखवायला समोर कुणी बुवा बसलेले नव्हते.