फ्युएल सेल: चंद्रापर्यंत गेला, रस्त्यावर अडला

मुलुंड-घाटकोपरच्या मंडळींना अंबरनाथ म्हणजे इंडिकेटरवरचं एक नाव, फार तर प्राचीन शिवमंदिर. पण तिथेच डीआरडीओची एनएमआरएल ही प्रयोगशाळा आहे आणि तिने पाणबुडीसाठी फ्युएल सेल बनवलाय. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज, उरतं ते पाणी. गंमत म्हणजे हा सेल अल्कलाइन नाही, ॲसिडवाला आहे. असं का बरं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १९३२ पासून अल्कलाइन सेलचा पिच्छा पुरवला. ॲसिडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. फायदा सरळ: ऑक्सिजनची प्रक्रिया जलद होते आणि महागड्या प्लॅटिनमऐवजी निकेलवर भागतं. १९५९ मध्ये त्याने ५ किलोवॅटचा संच चालवून दाखवला. त्याच धर्तीचे सेल अपोलो यानांत गेले. त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर चक्क प्यायचे!

मग आपल्या रिक्षात का नाही? कारण हवा. तिच्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पण अल्कलीशी गाठ पडली की त्याचं कार्बोनेट होतं. द्रावणाचा दम जातो, इलेक्ट्रोडची छिद्रं बुजतात. १९७० च्या सुमारास कार्ल कोर्डेशने अशा सेलवर ऑस्टिन गाडी चालवली, टपावर हायड्रोजनच्या टाक्या ठेवून. पण हवा आधी सोडा लाइममधून गाळावी लागायची.

पाणबुडीत ऑक्सिजन सोबतच नेतात, म्हणजे तिथे तरी जमायला हवं. जर्मनीने १९८८-८९ मध्ये यू-१ पाणबुडीवर अल्कलाइन सेल तपासलाही, पण पुढे निवडला पॉलिमर पडद्याचा सेल. अंबरनाथने घेतलं फॉस्फोरिक ॲसिड. त्याला प्लॅटिनम लागतं, दीड-दोनशे अंश तापमान लागतं, पण कार्बन डायऑक्साइडचं वावडं नाही. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार केला. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला वर यावं लागतं, आणि वर आली की ती सापडू शकते. तेव्हा पणाला काय आहे ते कळलंच असेल.

आपल्या भाषेत सांगायचं तर अल्कलाइन सेल बेंचमार्कमध्ये भारी, प्रॉडक्शनमध्ये नाजूक. इनपुट शुद्ध मिळण्याची हमी असेल तर त्याला तोड नाही. ती हमी अपोलोत होती, अंधेरीच्या सिग्नलवर नाही. म्हणून कुठलंही तंत्रज्ञान निवडताना आधी विचारावं: ते चालणार कुठल्या हवेत?