स्वतःच दिलेली वर्दी : अमेरिकी महाविद्यालयांच्या क्रीडाइतिहासातील एक प्रकरण



१९८० च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. इंग्लंडचा यष्टिरक्षक बॉब टेलर याला पंचांनी झेलबाद ठरविले होते. त्या सामन्यात भारताचे नेतृत्व करणाऱ्या गुंडाप्पा विश्वनाथ यांना मात्र चेंडू बॅटला लागलेला नाही असे वाटले, आणि त्यांनी टेलरला परत बोलावले. टेलरने पुढे बोथमबरोबर मोठी भागीदारी केली व इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. क्रिकेटप्रेमी आजही तो सामना आठवतात तो या एका कृतीसाठी. १९२५ साली अमेरिकी खुल्या गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी, आपला चेंडू किंचित हलला, असे स्वतःच सांगून आपल्याच नावावर एक फटका दंड लावून घेतला. तो दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. त्या एका फटक्यामुळे शेवटी बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांत जोन्स पराभूत झाले.

व्यक्तीच्या प्रामाणिकपणाच्या अशा कथा आपण आवडीने सांगतो. आज मला बोलायचे आहे ते संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी. व्यक्तीला मन असते. संस्थेला कचेरी असते, हिशेब असतो, देणगीदार असतात. आपल्या हातून घडलेला नियमभंग संस्था स्वतः होऊन सांगेल काय, आणि सांगितलाच तर तिच्या पदरी काय पडेल? या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि काहीसा विचित्र प्रयोग अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात झाला.

प्रारंभ झाला तो अपघाती मृत्यूंपासून. १९०५ सालच्या मोसमात अमेरिकी फुटबॉलमध्ये (चेंडू हाती धरून धडका देत खेळण्याचा तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा) अठरा तरुण दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. कोलंबिया विद्यापीठाने तर तो खेळच बंद केला. आपल्या बडोद्याशी या कथेचा एक बारीक धागा येथे जुळतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियात दाखल झाले, तेव्हा त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघच नव्हता. तो १९१५ साली पुन्हा उभा राहिला.

१९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या बैठकीतून जी संघटना जन्मास आली, तिला १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ हे नाव मिळाले. पुढे मी तिला नुसते ‘असोसिएशन’ म्हणेन. तिचे आरंभीचे तत्त्व होते ‘घरचे राज्य घरी’. नियम असोसिएशनने सुचवावेत आणि अंमल प्रत्येक महाविद्यालयाने आपापला करावा. खेळाडू हौशीच असला पाहिजे, त्याला खेळाबद्दल मोबदला मिळता कामा नये, हे सर्वांना तत्त्वतः मान्य होते. प्रत्यक्षात काय चालले आहे हे कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ सालच्या अहवालाने दाखवून दिले. शंभराहून अधिक महाविद्यालयांना भेटी देऊन तयार झालेल्या त्या अहवालात, बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसा पुरविला जातो, असे नमूद होते. घरचे राज्य होते, पण घरात पाहणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, असोसिएशनने प्रथमच दात असलेला नियम केला. वर्तमानपत्रांनी त्याचे नामकरण ‘सॅनिटी कोड’, म्हणजे शहाणपणाची संहिता, असे केले. गरजू खेळाडूला शिक्षणशुल्कापुरते साहाय्य द्यावे. राहण्याजेवण्याचा खर्च, अभ्यासात विशेष चमकणाऱ्यांचा अपवाद वगळता, त्याने नोकरी करून भागवावा, आणि त्या नोकरीचे वेतन केलेल्या कामाच्या मानाने असावे, असा तिचा गाभा. या संहितेत एक मोठी उणीव राहून गेली. नियमभंग लहान असो वा मोठा, शिक्षा एकच होती, ती म्हणजे सभासदत्वातून हकालपट्टी.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९५० च्या जानेवारीत सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव अधिवेशनापुढे आला : बॉस्टन कॉलेज, सिटाडेल, मेरीलँड, व्हिलानोव्हा, व्हर्जिनिया, व्हर्जिनिया लष्करी संस्था आणि व्हर्जिनिया पॉलिटेक्निक. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सात पापी’ म्हटले. हे सातच पापी होते असे मानण्याइतके भोळे सभागृहात कोणी नसावे. फरक होता तो बोलण्याचा. व्हर्जिनिया विद्यापीठाचे अध्यक्ष कोलगेट डार्डेन यांनी आधीच जाहीर केले होते की, अभ्यास आणि खेळ दोन्ही करणाऱ्या मुलाला पोटापुरती नोकरी करण्यास वेळ उरत नाही. म्हणून ही संहिता आम्ही पाळणार नाही. या विद्यापीठात १८४२ पासून विद्यार्थ्यांची ‘ऑनर’ पद्धती चालत आलेली. परीक्षेत आपण कोणाचे साहाय्य घेतले नाही, असे विद्यार्थी स्वतःच्या सहीने लिहून देत. सिटाडेल या लष्करी महाविद्यालयानेही आपला नियमभंग लपविला नाही. खोटे बोलून सभासद राहण्यापेक्षा सभासदत्व सोडणे त्याने पत्करले.

मेरीलँडचे अध्यक्ष ‘कर्ली’ बर्ड यांनी अधिवेशनात जो मुद्दा मांडला तो मर्मभेदी होता. ज्या ओहायो स्टेटपाशी व्हर्जिनियाच्या कितीतरी पट खेळाडू पोसण्याची साधने आहेत, तिने व्हर्जिनियाच्या हकालपट्टीला मत द्यायचे काय? मतदान झाले. हकालपट्टीच्या बाजूने १११, विरुद्ध ९३. बहुमत मिळाले, पण नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश मते लागत होती, ती पंचवीसने कमी पडली. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, ती संहिता गुंडाळण्यात आली. बर्ड हे काही साधुपुरुष नव्हते; फुटबॉलच्या वैभवाची त्यांना अतोनात हौस होती. तरीही त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. जेथे कबुलीची किंमत हकालपट्टी आणि मौनाची किंमत शून्य, तेथे प्रश्नावलीला प्रामाणिक उत्तर कोण देईल?

१९५१ साली वॉल्टर बायर्स कार्यकारी संचालक झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत चौकशीची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. १९५२-५३ च्या मोसमापुरता केंटकीचा बास्केटबॉल संघ बाहेर बसविण्यात आला. शिक्षांना पायऱ्या पडल्या. खेळाडूंना उघडपणे शिष्यवृत्त्या देण्याची मुभाही पुढे मिळाली. सॅनिटी कोडने ज्याला पाप ठरविले, ते काही वर्षांतच नियमात बसले. नियमपुस्तक मात्र जाड होत गेले.

१९८५ सालापासून नियमभंगांची ‘मोठे’ आणि ‘दुय्यम’ अशी विभागणी झाली. दुय्यम म्हणजे एकटादुकटा किंवा अनवधानाने घडलेला, ज्यातून नगण्य लाभ झाला असा. त्याची वर्दी संस्थेनेच द्यायची. काय घडले, कसे लक्षात आले, पुन्हा घडू नये म्हणून काय केले, हे लिहून पाठवायचे. शिक्षाही बेताची : प्रशिक्षकाला समजपत्र, काही दिवस भावी खेळाडूंशी संपर्क बंद, किंवा खेळाडूने मिळालेल्या लाभाएवढी रक्कम धर्मादाय कार्यास द्यायची. १९५० साली जे संस्थेच्या मुळावर येत होते, ते आता टपालाने पाठविण्याची बाब झाली. मोठ्या विद्यापीठांतून यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. अशा कचेऱ्यांतून एक समज रूढ झाली की, ज्या विद्यापीठाकडून वर्षभरात एकही लहान वर्दी येत नाही, तेथे सर्व निर्मळ आहे असे नव्हे, तर तेथे कोणी पाहतच नाही. मला ही समज मोलाची वाटते. ज्या रुग्णालयाच्या वहीत कधीच कोणाला ताप चढत नाही, त्या वहीवर कोण विश्वास ठेवील?

मात्र या वर्द्यांचे नमुने वाचताना हसू आवरत नाही. प्रशिक्षकाच्या खिशातला मोबाइल आपोआप दाबला जाऊन भावी खेळाडूला लागलेला दूरध्वनी, ही एक नेहमीची वर्दी. संघाने खेळाडूला बेगल, म्हणजे कड्यासारखा पाव, द्यावा. पण त्यावर लावायला लोणी-चीज दिले तर नियमभंग, असाही काळ होता. २०१३ साली एका गोल्फ खेळाडू मुलीने विद्यापीठाच्या नळीने आपली मोटार धुतली म्हणून पाण्यापोटी वीस डॉलर भरावयास लावल्याची वार्ता पसरली. तो मुळी नियमभंगच नव्हता, असा खुलासा पुढे असोसिएशनला करावा लागला. २०१४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाने कळविले की, एका पदवीदान भोजनप्रसंगी तीन खेळाडूंनी नियमापेक्षा अधिक पास्ता खाल्ला. प्रत्येकाने ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय कार्यास दिले आणि प्रकरण मिटले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात शबाझ नेपियर या नामवंत बास्केटबॉलपटूने, आपण कधी कधी उपाशी झोपतो, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर लवकरच खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठविण्यात आली.

या हसण्यामागे काय झाकले जाते, तेही पाहिले पाहिजे. दुय्यम-मोठे ही विभागणी झाली त्याच वर्षी टेक्ससमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठावर कडक निर्बंध आले होते. तरी १९८५-८६ मध्ये तेथील तेरा फुटबॉल खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर गुपचूप वाटले गेले. १९८७ च्या फेब्रुवारीत असोसिएशनने त्या संघाचा पूर्ण मोसम रद्द केला. त्यानंतर राज्यपाल बिल क्लेमंट्स यांनी मान्य केले की, आपण विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना, खेळाडूंना दिलेली वचने पुरी होईपर्यंत ही रक्कम चालू ठेवण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला गेला होता. ही वर्दी मात्र वेळेवर कोणी दिली नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची कथा याहूनही बोलकी. तेथे सुमारे अठरा वर्षे असे वर्ग चालले की ज्यांना शिक्षक नव्हता, तासिका नव्हत्या. एक निबंध दिला की गुण मिळत. २०१४ सालच्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले, आणि त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. २०१७ साली असोसिएशनच्या समितीने निर्णय दिला की, हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते, सर्वांना खुले होते, म्हणून क्रीडानियमांचा भंग सिद्ध होत नाही. पास्त्याचे वजन नियमात बसत होते, शिक्षणाचे बसले नाही.

स्वतः बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली, पुस्तक लिहून आपणच उभारलेल्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. ज्या ‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दाचा आपल्या कचेरीने प्रसार केला, तो खेळाडूला कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून घडविला होता, हेही त्यांनी लपविले नाही. उशिरा का होईना, तीही एक कबुलीच म्हणायची.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात एकमताने असोसिएशनविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षासाठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ज्यासाठी १९५० साली सात संस्थांना हाकलण्याचा घाट घातला गेला, ते आता अंदाजपत्रकातील एक कलम झाले आहे.

वर्दीची वही मात्र मिटलेली नाही. त्याच तडजोडीप्रमाणे, बाहेरच्या कोणाशी सहाशे डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा करार केला, तर त्याची नोंद खेळाडूने स्वतः करावयाची आहे. शंभर वर्षे जे विद्यापीठांना धडपणे जमले नाही, ते काम आता एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींकडे आले आहे.