गोळीचा गुण आणि गोळीची सवय

१९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम ही चिंताशामक औषधे बाजारात आली. जुन्या बार्बिट्युरेटांपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित होती. मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम ती वाढवतात. पण १९६१ मध्येच, मोठ्या मात्रेतले लिब्रियम एकाएकी थांबवल्यावर काही रुग्णांना झटके आले. मेंदू गोळीला सरावला होता. साध्या मात्रेतही असे होते, हे पटायला वीस वर्षे गेली. १९८८ साली ब्रिटनने दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचवली. भारतात १ मार्च २०१४ पासून कोन-भिवंडीच्या औषधविक्रेत्यालाही अल्प्राझोलमची विक्री वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. गुण तासाभरात दिसतो, सवय मागाहून कळते. म्हणून गोळी सुरू करतानाच ती कधी व कशी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने एकदम बंद करू नये.